थंडीने फुटणाऱ्या तांबड्या पेशी: पीसीएच या दुर्मीळ आजारात पहिल्या तासापासून काय करायचं

सर्दी-ताप होऊन आठवडा उलटलेला असतो, मूल पुन्हा खेळायला लागलेलं असतं. मग एके दिवशी परत ताप चढतो, हुडहुडी भरते, पोट नाहीतर पाठ दुखते म्हणून ते कळवळतं आणि लघवी होते ती काळपट लाल, कोलाच्या रंगाची. संध्याकाळपर्यंत ओठ आणि तळहात पांढरेफटक पडतात. पॅरॉक्सिझमल कोल्ड हिमोग्लोबिन्युरिया, थोडक्यात पीसीएच, हा आजार लहान मुलांत बहुतेक वेळा असा येतो. पाच वर्षांखालच्या मुलांत तो जास्त दिसतो. मोठ्यांत तो फारच क्वचित होतो आणि झाला तर त्याचं वागणंही वेगळं असतं. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिलं आहे.

आजार दुर्मीळ आहे, भीतिदायक दिसतो, पण मुलांमध्ये तो बहुधा काही दिवसांत ओसरू लागतो आणि काही आठवड्यांत पूर्ण बरा होतो. प्रश्न फक्त ते पहिले दिवस निभावून नेण्याचा असतो. त्यासाठी महागड्या औषधांपेक्षा दोन साध्या गोष्टी जास्त कामाला येतात: रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थंड होऊ न देणं आणि सुरुवातीला हिमोग्लोबिन वारंवार मोजणं. या लेखाचा भर त्यामुळे तिथेच आहे.

आधी थोडं समजून घ्या: शरीरात नेमकं काय होतं

एखाद्या विषाणूशी लढताना शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं, त्यांतली एखादी चुकून स्वतःच्याच तांबड्या पेशींवर जाऊन बसते. पीसीएचमधली ही अँटिबॉडी आयजीजी (अँटिबॉडींचा एक मुख्य प्रकार) असते आणि तिचं लक्ष्य असतं तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरचं 'पी' नावाचं अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ओळखते ती खूण. ते जवळजवळ सगळ्याच माणसांच्या पेशींवर असतं.

तिची खोड अशी की ती थंडीत चिकटते आणि उबेत मारते. बोटं, कान, नाक, पायाचे तळवे इथलं रक्त शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतं. तिथे अँटिबॉडी पेशीला चिकटते आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनसाखळीची पहिली कडी पेशीवर बसवून देते. तेच रक्त फिरत फिरत पोटात, छातीत, ३७ अंशांच्या उबेत आलं की उरलेली साखळी पूर्ण होते, पेशीच्या भिंतीला भोकं पडतात आणि ती रक्तवाहिनीतच फुटते. आतलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन मूत्रपिंडांतून गाळलं जातं. लघवीचा तो रंग म्हणजे हेच हिमोग्लोबिन.

ही दोन टप्प्यांची यंत्रणा ज्युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी १९०४ साली उलगडली. रक्तगट शोधणारे आणि १९३० साली नोबेल मिळवणारे लँडस्टायनर ते हेच. शरीर स्वतःवरच उलटून आजार होऊ शकतो, ही कल्पना त्या काळात सहजासहजी कुणाच्या गळी उतरणारी नव्हती. तिचा प्रयोगशाळेतला पहिला ठोस पुरावा या छोट्याशा, आज जवळपास विसरलेल्या आजाराने दिला. त्या दोघांची तपासणी थोड्या फेरफारांसह आजही तशीच केली जाते आणि निदानाची मोहोर तीच उठवते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. 'मूल थंडीत गेलंच नव्हतं, मग हा आजार कसा असेल?' हा प्रश्न पालक विचारतात आणि कधी कधी डॉक्टरही त्यात अडकतात. मुलांमधल्या तीव्र झटक्यात थंडीचा काहीही इतिहास मिळत नाही असं पुष्कळदा होतं. त्वचेजवळचं रक्त नेहमीच थोडं थंड असतं आणि काहींच्या अँटिबॉडीला तेवढंही पुरतं. त्यामुळे थंडी शोधत बसू नका. गेल्या एक-दोन आठवड्यांतलं आजारपण आठवा: सर्दी-खोकला, जुलाब, कांजिण्या, गालगुंड, गोवर, फ्लू. ती माहिती डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.

पायरी पहिली: लघवी नीट बघा आणि जपून ठेवा

लाल लघवी दिसली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मूत्रमार्गाच्या संसर्गाचा किंवा खड्याचा. तिथेच वेळ जातो. म्हणून रंग नीट पाहायला शिकणं महत्त्वाचं.

पांढऱ्या कपात किंवा पारदर्शक, स्वच्छ डबीत थोडी लघवी घ्या आणि उजेडात धरा. मूत्रमार्गातून रक्तस्राव होत असेल तर लघवी गढूळ लालसर दिसते आणि काही वेळ ठेवली की पेशी तळाशी बसून वरचा भाग बराचसा निवळतो. हिमोग्लोबिनने रंगलेली लघवी लाल-तपकिरी असली तरी पारदर्शक असते आणि कितीही वेळ ठेवली तरी वरचा भाग निवळत नाही. काविळीतली लघवीही गडद असते, पण ती पिवळ्याकडून तपकिरीकडे झुकते आणि तिचा फेस पिवळा येतो. बीट खाल्ल्याने किंवा रिफाम्पिसिनसारख्या औषधानेही रंग बदलतो, पण तेव्हा मूल मजेत असतं.

घरच्या निरीक्षणाने निदान होत नाही, हे उघड आहे. पण मोबाइलवर वेळेसकट फोटो काढून ठेवा आणि डबी सोबत न्या. झटका ओसरला की काही तासांत लघवी पुन्हा स्वच्छ होऊ शकते, आणि मग 'लघवी लाल होती' हे सांगायला फक्त तुमचा शब्द उरतो.

रुग्णालयात या लघवीची एक अगदी साधी तपासणी होते. पट्टी बुडवली की 'रक्त' पॉझिटिव्ह येतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत किंवा जेमतेम चार-दोन दिसतात. या विसंगतीचा अर्थ असा की लघवीत सुटं हिमोग्लोबिन आहे किंवा स्नायूंमधून आलेलं मायोग्लोबिन आहे. दोन्हींत फरक करायला रक्ताची नळी फिरवून वरचा द्राव बघायचा: हिमोग्लोबिन असेल तर तो गुलाबी-लाल दिसतो, मायोग्लोबिन असेल तर नेहमीसारखा फिकट पिवळा. काही मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा ही एक नळी जास्त बोलते.

पायरी दुसरी: किती घाई करायची

लाल-तपकिरी लघवी आणि फिकट पडलेलं मूल हे दोन्ही एकत्र असेल तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, शक्यतो रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात जा. हिमोग्लोबिन काही तासांत निम्म्यावर आल्याची उदाहरणं या आजारात आहेत.

मूल धापा टाकत असेल, सुस्तावलं असेल, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद देत नसेल, उभं राहताच भोवळ येत असेल, छातीची धडधड हाताला जाणवत असेल किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नसेल, तर रुग्णवाहिका बोलवा. वाटेत त्याला पांघरुणात गुंडाळा, पायमोजे-टोपी घाला, वाहनातला एसी बंद ठेवा.

आणि ताप उतरवण्यासाठी थंड पाण्याच्या पट्ट्या किंवा बर्फ अजिबात वापरू नका. ताप आला की हात आपोआप पट्ट्यांकडे जातो, पण पीसीएचची शंका असताना त्याने त्वचेतलं रक्त आणखी गार होतं. वजनानुसार योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळा. फुटलेल्या पेशींचा भार वाहणाऱ्या मूत्रपिंडांवर त्यांचा जादा ताण नको.

पायरी तिसरी: पहिल्या तपासण्यांतून काय बघायचं

रिपोर्ट हातात आल्यावर आकडे कसे वाचायचे हे माहीत असेल तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. हिमोग्लोबिन कमी असणार हे गृहीतच आहे. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिन (हिमोग्लोबिनपासून बनणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं आणि हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन उचलणारं प्रथिन) जवळजवळ संपलेलं, हे त्रिकूट सांगतं की पेशी फुटत आहेत. क्रिॲटिनिन आणि पोटॅशियम मूत्रपिंडांची खबर देतात.

रेटिक्युलोसाइट, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, वाढलेल्या असायला हव्यात असं पुस्तकात असतं. पण पहिल्या एक-दोन दिवसांत त्या कमी असू शकतात. मज्जेला जागं व्हायला वेळ लागतो, शिवाय अलीकडच्या विषाणूने तिला दाबून ठेवलेलं असू शकतं. त्या एका आकड्यावरून 'पेशी फुटत नाहीत' असा निष्कर्ष काढला जात असेल तर दोन दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करायला सुचवा.

रक्ताची काच, म्हणजे स्मिअर, अनुभवी डोळ्यांनी बघितली जायला हवी. त्यात गोल, लहान झालेल्या पेशी दिसतात. पीसीएचमध्ये आणखी एक दृश्य दिसू शकतं: न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीने अख्खी तांबडी पेशी गिळलेली. ते प्रत्येक वेळी सापडत नाही, पण सापडलं तर लाल लघवीच्या लहान मुलात पीसीएचचं नाव यादीत सगळ्यात वर जातं.

यानंतर येते डायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट. तांबड्या पेशींवर अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलंय का, हे ती सांगते. नुसता 'पॉझिटिव्ह' शेरा पुरेसा नाही, कशाने पॉझिटिव्ह ते विचारा. पीसीएचमध्ये नेहमीचं चित्र असं: कॉम्प्लिमेंट (सी३डी) पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. अँटिबॉडी आयजीजी असूनही ती दिसत नाही, कारण उबेत ती पेशी सोडून निघून जाते आणि मागे कॉम्प्लिमेंटची खूण ठेवते. कोल्ड ॲग्लुटिनिन आजारातही (थंडीत तांबड्या पेशींचे गुच्छ करणाऱ्या अँटिबॉडीचा आजार) हेच चित्र दिसतं, म्हणून इथे थांबता येत नाही. उलट आयजीजी ठळक पॉझिटिव्ह असेल तर विचार उष्ण प्रकाराच्या हिमोलिटिक ॲनिमियाकडे (शरीराच्या उबेतच चिकटणाऱ्या अँटिबॉडीने पेशी नष्ट होतात तो आजार) वळतो, आणि तिथे उपचार वेगळे.

पायरी चौथी: डोनाथ-लँडस्टायनर तपासणी, जी नमुन्यातच बिघडते

निदानाची गाडी बहुतेक वेळा याच ठिकाणी घसरते. तपासणी रोज होणारी नाही, अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं कुणी ती मागितलेली नसते. त्यामुळे रक्त काढण्याआधी रक्तपेढीला किंवा संदर्भ प्रयोगशाळेला फोन झाला पाहिजे. तो डॉक्टरांनी करायचा आहे, पण 'नमुना गरम ठेवायचाय ना?' असं विचारायला पालकांनी संकोचू नये.

रक्त घ्यायचं ते ३७ अंशांवर आधीच गरम केलेल्या, साध्या नळीत. गोठू न देणारं ईडीटीए यात चालत नाही. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, कॅल्शियमशिवाय कॉम्प्लिमेंट चालत नाही, आणि कॉम्प्लिमेंटशिवाय तपासणी निगेटिव्ह येणारच. कूम्ब्जसाठी मात्र ईडीटीएचीच नळी लागते, म्हणजे दोन नळ्या वेगवेगळ्या. साधी नळी ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमधून किंवा उबदार पेटीतून न्यायची, तिथेच उबेत रक्त गोठू द्यायचं आणि सीरमही (रक्त गोठल्यावर उरणारा द्राव) उबेतच वेगळं करायचं. नळी खोलीच्या तापमानाला अर्धा तास टेबलावर पडली तरी अँटिबॉडी रुग्णाच्याच पेशींना चिकटून जाते, सीरममध्ये उरत नाही, आणि खोटा निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवणं तर सपशेल चूक.

पुढचं काम मोहक वाटावं इतकं सोपं आहे. रुग्णाचं सीरम आणि ओ गटाच्या, पी अँटिजेन असलेल्या पेशी तीन नळ्यांत मिसळतात. पहिली नळी अर्धा तास बर्फात आणि मग तासभर ३७ अंशांवर. दुसरी पूर्ण दीड तास बर्फात. तिसरी पूर्ण दीड तास ३७ अंशांवर. फक्त पहिल्या नळीतला द्राव लाल झाला तर तपासणी पॉझिटिव्ह. तिन्ही लाल झाल्या तर काहीतरी दुसरंच चाललंय. रुग्णाचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट झटक्यात संपलेलं असतं, म्हणून निरोगी माणसाचं ताजं सीरम मिसळावं लागतं. ते न मिसळणं हे खोट्या निगेटिव्हचं आणखी एक नेहमीचं कारण. पॅपेन नावाच्या एन्झाइमने प्रक्रिया केलेल्या पेशी वापरल्या तर कमजोर अँटिबॉडीही पकडता येते.

नमुना रक्त चढवण्याआधी आणि आजार सुरू झाल्यापासून लवकरात लवकर घेतलेला हवा. मुलांमधली ही अँटिबॉडी कमी प्रमाणात असते आणि काही आठवड्यांत नाहीशी होऊ शकते. उशिरा केलेली निगेटिव्ह तपासणी 'पीसीएच नव्हता' असं सिद्ध करत नाही. लक्षणं, लघवी आणि कूम्ब्ज तिन्ही जुळत असतील आणि नमुना थंड झाल्याची शंका असेल तर तो पुन्हा, नीट घेऊन पाठवावा. आणि रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात, हेही इथेच सांगायला हवं.

दुसरं काय असू शकतं

जी६पीडी या एन्झाइमच्या कमतरतेतही मुलाची लघवी अचानक अशीच होते, पण तिथे कूम्ब्ज निगेटिव्ह असते आणि एखादं औषध, संसर्ग किंवा फावा बीन्स हे निमित्त असतं. ती तपासणी झटक्याच्या काळात खोटी 'नॉर्मल' येऊ शकते, कारण जुन्या, कमकुवत पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात. म्हणून ती दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करतात. जिथे मलेरिया आहे, तिथे त्याची काच बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुलाबांनंतर प्लेटलेट कमी आणि क्रिॲटिनिन वाढलेलं असेल तर हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचा (पेशी फुटून मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात तो आजार) विचार करतात.

पीएनएच, म्हणजे पॅरॉक्सिझमल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया, हा नावाने जुळा वाटणारा पण पूर्ण वेगळा आजार आहे. इंटरनेटवर शोधताना दोघांची सरमिसळ सर्रास होते. पीएनएच लहान मुलांत दुर्मीळ, त्यात कूम्ब्ज निगेटिव्ह असते आणि निदान फ्लो सायटोमेट्रीने (यंत्रातून एकेक पेशी तपासण्याची पद्धत) होतं.

पायरी पाचवी: रुग्णालयातले दिवस

उपचारांचा कणा तीन गोष्टींचा आहे: ऊब, पाणी आणि गरज पडली तर रक्त.

खोली उबदार हवी आणि पलंग एसीच्या झोताखाली नको. हातापायांत मोजे, डोक्याला टोपी. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने आणि लगेच कोरडं करून. ओले कपडे, ओला डायपर अंगावर राहू देऊ नका, बाष्पीभवनाने त्वचा भराभर गार होते. पिण्याचं पाणी कोमट. एक्स-रेचं गार टेबल, सोनोग्राफीची खोली, ऑपरेशन थिएटर अशा ठिकाणी नेताना आधी कळवा म्हणजे तिथे पांघरूण तयार राहील. याचा अतिरेकही नको: तापलेल्या बाळाला शेकोटीजवळ झोपवणं किंवा गरम पाण्याची पिशवी अंगाला लावणं यातून भाजण्याचा धोका खराखुरा असतो, फायदा काही नाही.

शिरेतून द्रव देतात तो मूत्रपिंडांतून हिमोग्लोबिन धुऊन जावं म्हणून. तोही शरीराच्या तापमानाला आणलेला असावा. प्रत्येक वेळची लघवी मोजायची, रंग लिहायचा. हे काम नर्सबरोबर पालकही छान करू शकतात. एका वहीत वेळ, प्रमाण, रंग अशा तीन रकान्यांची नोंद राउंडच्या वेळी फार उपयोगी पडते.

हिमोग्लोबिन सुरुवातीला दर सहा ते बारा तासांनी मोजलं जातं आणि दोन-तीन आकडे लागोपाठ स्थिर आल्यावरच अंतर वाढवतात. मुलाला सारखं टोचतात म्हणून जीव तुटतो, ते स्वाभाविक आहे. पण सकाळी ९ असलेला आकडा रात्री ६ झालेला असू शकतो, आणि मुलं शेवटच्या क्षणापर्यंत बरी दिसत राहतात. टोचणं कमी करायचं असेल तर एका शिरेतून कमी मात्रेत नमुने घेता येतील का ते विचारा. तपासणी टाळा असं मात्र म्हणू नका.

रक्त कधी चढवायचं याचा एकच ठरलेला आकडा नाही. घसरणीचा वेग, हृदयाचे ठोके, श्वास आणि मुलाची शुद्ध यांवर ते ठरतं. रक्तपेढीला जुळणी करताना अडचण येऊ शकते, पण जीव धोक्यात असताना 'पूर्ण जुळणारं रक्त मिळेपर्यंत थांबू' हे धोरण चुकीचं. पी अँटिजेन नसलेलं रक्त जगात अतिदुर्मीळ आहे. सामान्यतः नेहमीचंच, म्हणजे पी असलेलं रक्त देतात आणि बहुतेक मुलांना ते निभावतं. पी-निगेटिव्ह रक्ताचा शोध घ्यायची वेळ फार क्वचित येते.

जे टाळता येत नाही ते म्हणजे ब्लड वॉर्मर. रक्ताची पिशवी फ्रिजमधून २ ते ६ अंशांवर येते. ते रक्त तसंच शिरेत सोडणं म्हणजे अँटिबॉडीला हवी ती थंडी घरपोच देणं. नळीवर बसणारं, तापमान नियंत्रित करणारं वॉर्मरचं यंत्र वापरावं. पिशवी गरम पाण्यात बुडवणं किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं याने पेशी पिशवीतच फुटतात, तेव्हा यंत्र नसेल तर ते असलेल्या ठिकाणी जाण्याचा विचार वेळीच झालेला बरा. मुलांना साधारण किलोमागे १० मिली रक्त देतात, सुरुवात सावकाश करतात आणि पहिली १५ मिनिटं जवळ थांबून लक्ष ठेवतात.

स्टेरॉइडबद्दल जरा स्पष्ट

जवळपास प्रत्येक रुग्णाला स्टेरॉइड दिलं जातं. पहिल्या दिवशी ते समजण्यासारखं आहे: निदान पक्कं नसतं आणि उष्ण प्रकाराच्या ॲनिमियात स्टेरॉइड खरोखर काम करतं. पीसीएचमध्ये मात्र त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. स्टेरॉइड प्रामुख्याने प्लीहेतल्या भक्षक पेशींना आवर घालतं आणि इथे पेशी फुटतात त्या रक्तवाहिनीत, कॉम्प्लिमेंटमुळे. झटका मुळातच काही दिवसांत थांबतो, त्यामुळे श्रेय स्टेरॉइडच्या खात्यात जमा होतं. डोनाथ-लँडस्टायनर पॉझिटिव्ह आली आणि मूल सावरत असेल तर 'हे कधी बंद करायचं?' असा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. महिनोन्‌महिने चालू ठेवायचं कारण सहसा नसतं. पण आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.

प्लीहा काढण्याचा या आजारात उपयोग नाही. झटका थांबतच नसेल तर कॉम्प्लिमेंट रोखणारं इक्युलिझुमॅब वापरून पाहिल्याची तुरळक उदाहरणं आहेत, आणि चिवट किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रकारात रिटुक्सिमॅब. दोन्ही हीमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाच्या, हातातली हत्यारं. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि इक्युलिझुमॅबसाठी मेनिंगोकॉकसची लस, या दोन गोष्टी राहून जाऊ नयेत.

मोठ्यांमध्ये वेगळी वाट

मोठ्या माणसांतही संसर्गानंतरचा एकदाच येणारा झटका असू शकतो. पण त्यांच्यात पुन्हा पुन्हा येणारा जुनाट प्रकारही दिसतो: गार वाऱ्यात किंवा गार पाण्यात गेल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत पाठ आणि पाय दुखायला लागतात, थंडी वाजून ताप येतो, कधी अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, बोटं पांढरी-निळी पडतात आणि मग लाल लघवी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला हा आजार मुख्यतः सिफिलिसच्या रुग्णांत, जन्मजात किंवा जुन्या, दिसायचा. पेनिसिलिन आल्यावर तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. तरी मोठ्या माणसात निदान झालं की सिफिलिसची रक्ततपासणी आजही करायचीच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि पॉझिटिव्ह आली तर उपचार सोपा आहे. त्याचबरोबर लिम्फोमा आणि मज्जेचे इतर आजार दडलेले नाहीत ना, याचाही शोध घेतात.

उतारवयात थंडीने पेशी फुटत असतील तर पीसीएचपेक्षा कोल्ड ॲग्लुटिनिन आजार असण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यात अँटिबॉडी आयजीएम प्रकारची असते, ४ अंशांवर तिचं टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी ती काम करते, तो आकडा) ६४ किंवा त्याहून वर जातं आणि मुळाशी बहुधा मज्जेतला बी पेशींचा एक छोटा गट असतो. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या) यंत्रात पेशींचे गुच्छ झाल्याने एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) आणि एमसीएचसीचे (पेशीतल्या हिमोग्लोबिनची घनता) आकडे विचित्र वाढलेले येतात आणि नळी गरम केली की ते सुधारतात. तिथेही स्टेरॉइडचा फारसा उपयोग नाही. रिटुक्सिमॅबवर आधारित उपचार करतात, आणि कॉम्प्लिमेंट रोखणारं सुटिमलिमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालं. दोन आजारांचे उपचार इतके वेगळे असताना 'थंडीची ॲलर्जी' असं मोघम लेबल लावून घेऊन फिरू नका.

जुनाट पीसीएच असलेल्यांनी गार पाण्यात पोहणं सोडावं, फ्रिजर हाताळताना हातमोजे घालावेत, कान आणि नाक झाकावं. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला आधी सांगणं अत्यावश्यक. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांमध्ये शरीर मुद्दाम थंड करतात, आणि या रुग्णांसाठी ती योजना बदलावी लागते.

घरी आल्यावर

लघवी सहसा काही दिवसांत स्वच्छ होते, हिमोग्लोबिन भरून यायला काही आठवडे लागतात. घरी सोडल्यावर पहिला आठवडा दोनदा, मग आठवड्याला एकदा असं हिमोग्लोबिन तपासायला बोलावतात. मज्जा जोरात काम करत असते म्हणून काही दिवस फॉलिक ॲसिड देतात. लोहाचं औषध मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका, विशेषतः रक्त चढवलं असेल तर.

ऊब किती दिवस जपायची? हिमोग्लोबिन स्थिर होऊन लघवी स्वच्छ राहीपर्यंत काटेकोरपणे, पुढे काही आठवडे सैलपणे. मुलांमधला संसर्गानंतरचा प्रकार सहसा परत येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याला लोकरीत गुंडाळून ठेवायची किंवा खेळ बंद करायची गरज नाही. दुसरा झटका आलाच तर तो जुनाट प्रकार आहे का, मुळाशी दुसरं काही आहे का, याची तपासणी नव्याने करावी लागते.

डिस्चार्जच्या कागदावर आजाराचं पूर्ण नाव, डोनाथ-लँडस्टायनरचा निकाल, कूम्ब्जचा तपशील, सगळ्यात कमी आलेलं हिमोग्लोबिन आणि 'रक्त वॉर्मरमधूनच' ही सूचना लिहून घ्या. शाळेला एवढंच कळवा की लघवी लाल दिसली किंवा मूल फिकट पडलं तर लगेच फोन करा.

लसीकरणाचा प्रश्न हमखास येतो. लसीनंतर पीसीएच झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण गोवर-गालगुंडासारखे आजार स्वतःच त्याचं कारण ठरू शकतात. त्यामुळे लसी सरसकट टाळणं हा उपाय नव्हे. वेळापत्रक डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन मिळालं असेल तर गोवराची जिवंत लस काही महिने पुढे ढकलावी लागते, कारण दात्याकडून आलेल्या अँटिबॉडी ती निष्प्रभ करतात. कोणत्या तारखेला काय चढवलं हे कागदावर असेल तर तो हिशोब डॉक्टरांना दोन मिनिटांत करता येतो.